चार रुपये महिना, भाड्याने, स्वतःचेच बैल

एक कागद आहे नोव्हेंबर १८७३ चा. दख्खनमधल्या एका शेतकऱ्याने सावकाराला लिहून दिलेला. पुढे १८७५ च्या दंगलींची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला, त्याच्या दप्तरात हा कागद गेला म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतो, नाहीतर असले हजारो कागद चुलीत गेले, उरलेले वाळवीने खाल्ले. मजकूर माझ्या भाषेत सांगायचा तर असा, की तुमचं जे देणं माझ्याकडे निघतं त्यापोटी मी माझ्या लोखंडी आखाच्या (आख म्हणजे चाकं बसवायचा दांडा) दोन गाड्या सगळ्या सरंजामासकट आणि चार बैल तुम्हाला विकले. इथपर्यंत ठीक, कर्ज फिटलं नाही तर माणूस वस्तू विकतो. पण पुढे लिहिलंय की त्याच दोन गाड्या आणि तेच चार बैल मी तुमच्याकडून भाड्याने घेतले, महिना चार रुपये भाडं देईन, दिल्यावर तुमच्या हातची पावती घेईन, आणि पावती नसेल तर भाडं दिलं होतं असा वाद मी घालणार नाही.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं माझंच वाचायला चुकलं. मग कळलं, बैल हललेच नाहीत. गोठा तोच, दावण तीच, वैरण टाकणारी बाई तीच, रात्री उठून कंदील घेऊन बघणारा माणूस तोच. फक्त कागदावर बैल सावकाराच्या घरी गेले आणि भाड्याने परत आले. एका रात्रीत, एक पाऊल न टाकता.

एकोणिसाव्या शतकातला शेतकरी म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं तयार असतात, एक तर सुखी-समाधानी बळीराजा नाहीतर फाटक्या धोतरातला लाचार माणूस, आणि सावकार म्हटला की सिनेमातला व्हिलन. या कागदातला माणूस दोन्हीत बसत नाही म्हणून या एका प्रकरणाकडे नीट बघू.

आधी हा माणूस कोण, ते. नाव आपल्याला नको. पण कागदच बरंच बोलतो. दोन गाड्या, त्याही लोखंडी आखाच्या. हे साधं नाही बरं का. दख्खनमध्ये त्याआधी मालाची वाहतूक मुख्यतः पाठीवरची, वंजाऱ्यांचे, लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून न्यायचे, गाडी होती ती जड, लाकडी, गावापुरती. मग रस्ते झाले, १८३० ला बोरघाटात गाडीरस्ता उघडला, पुढे रेल्वे आली, १८५८ ला खंडाळा ते पुणे, १८६० पर्यंत सोलापूर, १८६३ ला बोरघाटाचा चढ सुद्धा पूर्ण झाला. लोकांना वाटतं रेल्वे आली म्हणजे गाडीवान मेला. लांबचा मेला, खरंय. पण स्टेशनपर्यंत माल आणायला गाडी लागायचीच, म्हणून जवळच्या पल्ल्याचं काम उलट निघालं. लोखंडी आख म्हणजे ओझं जास्त घेणारी, लवकर न मोडणारी गाडी, आणि घरच्या शेतापुरतं म्हणाल तर एक गाडी पुष्कळ झाली. दोन कशाला? भाड्याने हाकायला. सुगी झाली की उन्हाळाभर गाड्या जुंपायच्या, कुणाचा कापूस, कुणाचा गूळ, कुणाचं धान्य, आणि पावसाळ्याआधी घरी. तेवढाच काय तो रोकडा पैसा, कारण शेतातलं बरंचसं खाण्यातच जायचं.

तर हा गावातला शेवटचा माणूस नव्हता. मधला होता, जरा वरचाच.

आणि दोन गाड्या म्हणजे दोन गाडीवान. हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं. एक माणूस दोन गाड्या हाकत नाही, म्हणजे घरात भाऊ होता नाहीतर हाताशी आलेला मुलगा होता, नाहीतर गडी ठेवला होता. त्या काळातलं घर बघता भाऊ किंवा मुलगाच असणार. एकत्र कुटुंब, एक चूल, आणि कर्जाच्या कागदावर बहुतेक वेळा कर्त्याचाच हात. आता तुम्हीच विचार करा, धाकट्या भावाला हे कधी कळलं असेल? त्या दिवशीच, की पहिलं भाडं मागायला सावकाराचा माणूस दारात आला तेव्हा?

घराचं म्हणाल तर देशावरचं घर, मातीच्या नाहीतर दगड-मातीच्या भिंती, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आत शिरल्या शिरल्या एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला माणसं. बैल घरातच. थंडीत त्यांच्या अंगाची ऊब घरभर असते, ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहितीये. बाई पहाटे उठणार, जात्यावर बसणार, ज्वारी किंवा बाजरी दळणार, मग भाकरी, मग शेण, मग पोरं, मग शेतात खुरपणीला. गोठा झाडणं आणि शेण काढणं हे बाईचं काम, म्हणजे त्या बैलांशी दिवसातून जास्त संबंध तिचाच. विकत घेताना तिला कुणी विचारलं असेल की नाही माहीत नाही, विकताना तर नाहीच. आणि गाडी-बैल लिहून द्यायची वेळ आली याचा अर्थ त्याच्या आधी घरातलं जे काही सोन्या-चांदीचं असेल, गोठ, पाटल्या, पुतळ्या, ते बहुतेक गेलेलं असणार. गहाणाचा क्रम असाच असतो, आधी बाईच्या अंगावरचं, मग भांडी, मग जनावर, मग जमीन. आजही तोच क्रम आहे, जनावराच्या जागी फक्त ट्रॅक्टर आलाय.

चार बैल का, तेही सांगतो. काळ्या जमिनीत लाकडी नांगर धरायचा तर दोन बैलांचं काम नाही, चार लागतात, भारी रान असेल तर सहा-आठ सुद्धा. ज्याच्याकडे दोनच ते सावड करतात, तुझे दोन माझे दोन, आज तुझं रान उद्या माझं. चार असले की माणूस कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. पाऊस पडला की त्याला थांबावं लागत नाही, वाफसा आला की आऊत धरलं. म्हणून ते चार बैल म्हणजे नुसती मालमत्ता नाही, वेळेवर पेरणी होणार की नाही याचं उत्तर ते. सावकाराला हे पक्कं माहीत होतं. त्याला बैल नकोच होते. तो कुठे बांधणार, वैरण कोण घालणार? त्याला बैल शेतकऱ्याच्याच दावणीला हवे होते, राबत, आणि भाडं आपल्याकडे.

आता हे इथवर आलं कसं. थोडं मागे जावं लागेल, पण जास्त नाही.

इंग्रजांनी पेशवाई संपवल्यावर सुरुवातीला सारा, म्हणजे जमिनीवरचा कर, इतका जबर लावला की लोक गावं सोडून गेले, त्यातच १८३२ ते ३४ चा दुष्काळ. दख्खनमध्ये एक तृतीयांश गुरं गेली आणि निम्मी माणसं गेली असं म्हणतात. त्या काळात सारा भरायला सावकाराकडे जाण्याची जी सवय लागली ती लागली. मग १८३६ पासून इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नवी मोजणी सुरू केली, दर खाली आणले, ३० वर्षांची मुदत ठरवली. लोक परतले, पडीक रान लागवडीला आलं. पण एक मोठी गोष्ट झाली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, त्या नंबरावर एक खातेदार आला, आणि ती जमीन सरळ विकता-गहाण ठेवता येऊ लागली. पूर्वी सावकाराला जमीन घेऊन करायचं काय हा प्रश्न होता, गाव त्याला टिकू देत नव्हतं. आता त्याच्या मागे कोर्ट होतं.

मग कापूस. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस तोपर्यंत तीन चतुर्थांश तिकडूनच येत होता, तो बंद. मुंबईतले व्यापारी वेडे झाले. तालुक्याच्या सावकाराला पैसा, तालुक्याच्या सावकाराकडून गावच्या सावकाराला पैसा, आणि गावच्या सावकाराकडून शेतकऱ्याला. कापसाच्या एकरामागे १०० रुपये उचल मिळत होती! त्या काळातले शंभर. ज्याला कालपर्यंत दहा रुपयांसाठी पायरी झिजवावी लागायची त्याच्या घरी सावकार स्वतः यायला लागला. मला वाटतं आपल्या माणसाने दुसरी गाडी घेतली असेल ती याच दिवसांत, आणि बऱ्यापैकी उधारीवर. कागदात तसं नाही, हा माझा अंदाज. पण लोखंडी आख, दोन-दोन गाड्या, हे सगळं तेजीच्या दिवसांचं वाटतं, जसं आपल्याकडे एखाद्या वर्षी कांद्याला भाव आला की गावात पाच-सहा बोलेरो दिसायला लागतात तसं.

१८६५ ला अमेरिकेतलं युद्ध थांबलं. भाव कोसळले, मुंबईत बँका बुडाल्या, शेअर्स रद्दी झाले. वरच्या व्यापाऱ्याने हात आखडला, त्याने खालच्याला, त्याने शेतकऱ्याला. नवीन देणं बंद आणि जुनं लगेच परत. आणि नेमकं ह्याच वेळी ३० वर्षांची मुदत संपली, १८६६-६७ पासून फेरमोजणी, आणि नवा सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढवलेला. म्हणजे भाव पडलेले असताना कर दीडपट ते दुप्पट. टायमिंग बघा. सरकारने तेजीतले भाव बघून आकडा काढला आणि वसुली मंदीत केली.

सारा रोखीत द्यायचा, ठरलेल्या तारखेला. धान्य चालत नाही. म्हणून परत सावकार.

आता व्याजाचं गणित, कारण त्याशिवाय हा कागद समजत नाही. आपल्याकडे दामदुप्पट नावाचा जुना दंडक होता, व्याज कितीही साचलं तरी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. शंभर दिले तर फार तर दोनशे घेशील, बस. कायदा म्हणून, रीत म्हणून, लोकांच्या डोक्यात ते पक्कं होतं. १८५९ ला सरकारने मुदतीचा कायदा केला, कर्जरोखा तीन वर्षंच चालेल. हेतू चांगला होता, व्याज साचू नये. झालं उलटं. तीन वर्षं झाली की सावकार म्हणायचा नवीन रोखा लिहून दे. मुद्दल अधिक व्याज मिळून नवं मुद्दल. समजा शंभर रुपये वर्षाला २४ टक्क्यांनी घेतले आणि मध्ये एक पैसा दिला नाही. तीन वर्षांनी १७२, नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी २९५ च्या वर. नऊ वर्षांनी पाचशेच्या पुढे. दामदुप्पट कुठे गेली? कुठेच नाही, प्रत्येक कागद स्वतंत्र वाचला तर दामदुप्पट कुठेच मोडलेली नाही, कारण प्रत्येक वेळी मुद्दलच नवीन. फार हुशार प्रकार. आयोगासमोर एक असं प्रकरण आलं की शंभराच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज आकारलं होतं, ते ऐकून लोक चकित होतात, मला नाही वाटत त्यात चकित होण्यासारखं काही, गणित करून बघा, वेळ गेला की येतंच तिथे. शिवाय देतानाच मनोती म्हणून काहीतरी कापून घ्यायचे, म्हणजे कागदावर शंभर आणि हातात त्याहून कमी.

तर १८७३ च्या नोव्हेंबरात आपला माणूस बसलाय सावकाराच्या ओट्यावर. बाजरी निघालेली, शाळू पेरलेला, म्हणजे नांगराचं काम सध्या नाही पण गाड्यांचा सीझन आता सुरू होणार. सावकाराला वेळ कळते. तो म्हणतो (हे अर्थात मी रचतोय) जमिनीला हात लावत नाही, घाबरू नको, गाड्या-बैल नावावर कर, वापर तूच, फक्त महिन्याला चार रुपये. ऐकायला वाईट वाटत नाही. उलट जमीन वाचली असं वाटतं. लिहिणारा मोडीत लिहितो, वाचून दाखवतो किंवा दाखवत नाही, साक्षीदार हो म्हणतात. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या सहीच्या जागी निशाणी काढायची रीत होती, आणि कुणब्याची निशाणी म्हणजे नांगर. जुन्या कागदांवर दिसतो तो, चार रेघांचा, वाकडातिकडा. नांगर ओढणारे बैल विकताना सही म्हणून नांगर काढायचा.

चार रुपये महिना म्हणजे वर्षाला ४८. तीन वर्षांत १४४. याची तुलना कशाशी करायची तर, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या अखेरीला एका देशमुखावर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, झाला आणि त्याचं राहतं घर सावकाराने घेतलं. दीडशे रुपये ही घर जाण्याइतकी रक्कम होती. आणि आपला माणूस तीन वर्षांत जवळपास तेवढेच भरणार, मुद्दल फेडण्यासाठी नाही, बैल वापरल्याबद्दल. बैल म्हातारा झाला, गाडी मोडली, तरी.

पण मला भाड्याहून ते पावतीचं कलम जास्त टोचतं. भाडं दिलं तर पावती घे. पावती देणार कोण? सावकार. त्याच्याच हातची पाहिजे. त्याने दिली नाही तर? तर वाद घालायचा नाही, हे तूच लिहून दिलंस. म्हणजे पैसे देऊनही दिले नाहीत असं ठरवायचा हक्क समोरच्याच्या हातात, आणि तो हक्क तुझ्या सहीने. आणि हे काय एका माणसापुरतं नव्हतं. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात मिरजगाव आहे, तिथल्या रयतेने अर्ज केला होता, तोही आयोगाच्या कागदांत आहे. त्यात तक्रार काय? की रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा आम्हाला कापड आणि धान्य २५ ते ५० टक्के जास्त दराने लावतात, आणि आमच्या शेतातला माल घेऊन जातात, खात्यावर जमा करू म्हणतात, पण वहीत चढवत नाहीत आणि नेलेल्या मालाची पावती सुद्धा देत नाहीत. परत पावतीच! व्याजाच्या दराबद्दल लोक एवढं बोलत नाहीत जेवढं पावतीबद्दल बोलतात. आपल्याला हे बारीकसारीक वाटतं कारण आपल्याला मोबाईलवर मेसेज येतो पैसे कटल्याचा. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याचा सगळा हिशोब दुसऱ्याच्या वहीत आहे त्याला पावती हाच काय तो पुरावा.

आमच्या आजोबांकडे एक गाडी होती, लोखंडी धावेची, साट्याखाली वंगणाचं बांबूचं नळकांडं लटकवलेलं. ते सांगायचे की गाडी कुणाला दिली तर परत आल्यावर आधी आखाला हात लावून बघायचं, गरम असेल तर त्याने वंगण घातलं नाही. परक्याची गाडी कुणी जपत नाही म्हणायचे. या कागदातल्या माणसाचं उलट झालं, गाडी परक्याची झाली आणि जपायची मात्र त्यालाच होती.

तर आता त्याच्यापुढे पर्याय काय होते, प्रामाणिकपणे बघू, कारण नंतर बसून शहाणपण सांगणं सोपं असतं.

सही केली नसती तर? सावकार दुय्यम न्यायाधीशाच्या कोर्टात दावा लावणार. समन्स निघणार, ते पोचणार किंवा न पोचणार, शेतकरी तालुक्याला जाणार नाही कारण वकिलाला पैसे नाहीत आणि गेला तरी बोलणार काय, रोख्यावर निशाणी त्याचीच. एकतर्फी हुकूमनामा. मग जप्ती, लिलाव, आणि लिलावात बोली लावणारा बहुतेक तोच सावकार, पडेल त्या भावात. वर दिवाणी तुरुंगाची भीती, कारण कर्जासाठी माणसाला आत टाकता यायचं. जमिनीचा राजीनामा देऊन, म्हणजे जमीन सोडली असं लिहून देऊन, मोकळं व्हावं? मग खायचं काय, आणि सोयरिकी कशा जुळायच्या, जमीन सोडलेल्या घरात पोरगी कोण देणार. दुसऱ्या सावकाराकडून घेऊन याला द्यावं? तो पहिल्याला ओळखतो, बहुतेक वेळा भाऊबंदच. सरकारी तगाई, म्हणजे सरकारकडून शेतीसाठी मिळणारं कर्ज, कागदावर होती, हातात येणं अवघड. गाव सोडावं, मुंबईला गिरणीत जावं? काही गेले. पण चार बैल आणि दोन गाड्यांचा मालक होता तो काल, तो असा उठून जात नाही.

म्हणून त्याने सही केली. मला त्यात मूर्खपणा दिसत नाही. त्या दिवशी, त्या ओट्यावर, हाच सगळ्यात कमी वाईट पर्याय होता.

सावकाराचंही एक वाक्य बोललं पाहिजे. गावचा सावकार स्वतः वरच्याचा देणेकरी असायचा, आणि सरकार साऱ्याला एक दिवस थांबत नव्हतं तेव्हा धावून येणारा तोच होता. पण म्हणून पावतीचं कलम माफ होत नाही.

कागदाच्या दीड वर्षानंतर काय झालं ते सगळ्यांना ढोबळ माहीत आहे. करड्याच्या त्या घराच्या प्रकरणावरून गावाने सावकारावर बहिष्कार टाकला, त्याच्या दुकानातून घ्यायचं नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, गड्यांनी कामाला जायचं नाही. आसपासच्या गावांनी तेच केलं, काहींनी तर लेखी ठराव करून सह्या घेतल्या, म्हणजे कागदाला कागदाने उत्तर. मग १२ मे १८७५, सुपे. आज बारामती तालुक्यात आहे ते, तेव्हा भीमथडीत, मोठी बाजारपेठ. भोवतालच्या गावांतून माणसं जमली आणि दुकानदार-सावकारांकडे गेली. मागितलं काय तर वह्या आणि रोखे. काही ठिकाणी धान्याची दुकानं लुटली, घरं पेटवली, पण बहुतेक गावांत एकच हट्ट, कागद द्या. दिले की बाहेर आणून जाळायचे आणि घरी जायचं. माणसांना मारहाण फार थोडी. पुण्याहून सैन्य आणावं लागलं, सुप्यात ९५ जणांना पकडलं, तरी लोण नगर जिल्ह्यात पसरलं, तीसहून जास्त गावं, आणि सगळं शांत व्हायला काही महिने गेले.

इंग्रजांना हे कळेना की तिजोरी सोडून चोपड्या कशाला जाळतात. मुंबई सरकारला तर सुरुवातीला चौकशी सुद्धा नको होती, वरून हिंदुस्थान सरकारने रेटलं, १८५७ ची धास्ती गेली नव्हती. आपल्या माणसाचा कागद हातात धरला तर कोडं काहीच नाही. बैल दावणीला आहेत. गाड्या दारात आहेत. त्या त्याच्या नाहीत असं म्हणणारं जगात एकच काही आहे, तो कागद. तो जळला की बैल परत त्याचे. आणायलाही जावं लागत नाही.

तो स्वतः त्या गर्दीत होता का, माहीत नाही. त्याचा कागद तर वाचलाच, म्हणजे त्याच्या सावकाराची चोपडी जळली नाही किंवा नक्कल दुसरीकडे होती. याचा अर्थ भाडं चालू राहिलं असणार. गंमत म्हणजे दंगलीत जे कागद जळले ते लिहून देणारे सुटले आणि जे वाचले ते इतिहासात आले.

आयोगाचा अहवाल १८७८ ला ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. निष्कर्ष काय असावा? साऱ्याची आकारणी हे कारण नाही, दोष सावकारांचा. सरकारने नेमलेल्या आयोगाला सरकारचा दोष दिसला नाही, चला, यात नवीन काही नाही. पण १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता आधी, तो मी या कागदाशेजारी ठेवून वाचला तेव्हा जरा थांबलो. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. कोर्टाने नुसता शेवटचा रोखा बघायचा नाही, मागे जाऊन मूळ किती दिले, व्याज किती, हे उकरायचं. कागद गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हायला हवा. आणि सावकाराने प्रत्येक भरण्याची लेखी पावती दिलीच पाहिजे, वर्षाला हिशोब द्यायचा, मागितलं तर पासबुक द्यायचं. पावती! सहा वर्षांपूर्वी ज्या ओळीने त्याचं तोंड बांधलं होतं तिच्यासाठी सरकारला वेगळं प्रकरण लिहावं लागलं.

सावकार काय गप्प बसले? गहाणखताच्या मागे कोर्ट जातंय म्हटल्यावर ते सरळ खरेदीखत लिहून घ्यायला लागले, तोंडी सांगायचं पैसे दिलेस की परत करीन. म्हणजे आपल्या माणसाने १८७३ ला बैलांचं जे केलं तेच आता जमिनीचं. विकली म्हणून लिहून द्यायची आणि आपलीच जमीन खंडाने कसायची.

पण या घरासाठी १८७९ बहुतेक उशीरच झाला असणार. मध्ये १८७६ आलं. पाऊस नाही, आणि पुढची दोन वर्षं तो दुष्काळ चालला. दख्खनमध्ये आधी कडबा संपला. कडबा संपला की लोक छपरावरचं गवत काढतात, झाडपाला घालतात, मग एखादा बैल सकाळी उठत नाही. त्या कागदाचा जेवढा मजकूर छापलेला मिळतो त्यात गाड्यांचे आख लोखंडी आहेत हे लिहिलंय, भाडं किती ते लिहिलंय, पावती कुणाच्या हातची ते लिहिलंय. बैल मेला तर त्या महिन्याचं भाडं द्यायचं की नाही, हे लिहिलेलं नाही.